पंचविसावा अभिप्राय

मी सांख्यिकी सहायक होतो. कार्यालयात पेरणीचे, पावसाचे आणि जनावरांचे आकडे जुळवणे हे माझे काम. ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी एका संस्थेने मला सुटीच्या दिवसांपुरते मदतीला बोलावले. दुष्काळात खचलेल्या माणसांशी कसे बोलावे, हे ती संस्था गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवत होती. प्रशिक्षण सहा महिन्यांचे होते. दर महिन्याला दोन दिवस, एका महिन्यात नांदेडला आणि पुढच्या महिन्यात लातूरला. शिकणारे चोवीस. त्यांत पंधरा बाया आणि नऊ पुरुष. लातूर जिल्ह्याचे तेरा, नांदेडचे अकरा.

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याहून येत. त्या उपचाराला कॉग्निटिव्ह थेरपी म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी ती एका वाक्यात सांगितली, ते मला अजून पाठ आहे. माणसाच्या मनात जो विचार पुन्हा पुन्हा येतो तो लिहून काढायचा, त्याला पुरावा काय आहे ते त्यालाच विचारायचे, आणि दुसरा एखादा विचार शक्य आहे का ते त्याच्याबरोबर बसून पाहायचे. मला हे आवडले. गणिताचा ताळा करून पाहण्यासारखेच आहे, असे मला वाटले.

माझे काम शेवटी असे. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी अभिप्रायाचे फॉर्म वाटायचो. सहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, वर जिल्ह्याची चौकट आणि खाली दोन ओळी मोकळ्या. नाव लिहायचे नाही, हा नियम. लोकांनी मोकळेपणाने लिहावे आणि त्यावरून पुढचे प्रशिक्षण सुधारता यावे म्हणून मॅडमनी तो केला होता. दाराजवळ एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. घडी करून त्यात टाकायचा आणि जायचे.

पहिल्या महिन्यात चोवीस फॉर्म आले. बहुतेक सगळे पाच-पाच गुणांचे. आमच्याकडे पाहुण्याला स्वयंपाक कसा झाला म्हणून कोणी विचारत नाही, आणि विचारले तर पाहुणा अळणी म्हणत नाही. खालच्या दोन ओळींत "लई छान", "जेवण चांगलं होतं", "मॅडम सोन्यासारख्या" असे. मी सरासरी काढली, चार दशांश आठ, आणि मॅडमना दिली. त्या म्हणाल्या, "यातून मला काहीच कळत नाही हो." मी म्हटले, "आकडा बरोबर आहे." आकडा खरोखरच बरोबर होता.

दुसरा महिना लातूरचा. हॉल एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाचा. पाणी नाही म्हणून त्या वर्षी लग्ने तिथे होत नव्हती. नळ उघडला की पाणी यायचे नाही. पाइपातून हवा ओढल्यासारखा आवाज यायचा, आणि तोटी बंद केली तरी तो थोडा वेळ चालू राहायचा. स्वयंपाकघरात भली मोठी पातेली उपडी घातलेली होती. सगळे शांत असले की त्यांच्यातून कोणीतरी श्वास घेते आहे असे वाटे.

त्या दिवशी मॅडमनी सरावाला जोड्या केल्या. एकाने उपचार करणारा व्हायचे, दुसऱ्याने दुःखी माणूस. "स्वतःचं दुःख घेऊ नका," त्या म्हणाल्या, "मनाने एखादा माणूस तयार करा." कोणीच तोंड उघडेना. आपले दुःख सांगायचे नाही हे ठीक, पण खोटे दुःख तरी चारचौघांत कसे सांगायचे? बाया पदर सारखा करत बसल्या.

तेव्हा उदगीरकडचे अप्पा उठले. त्यांना सगळेच अप्पा म्हणत. साठीला आलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गावात किराणा दुकान. वर्गात सगळ्यांत जास्त हसवणारे तेच. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार, हा त्यांचा ठरलेला विनोद. पहिल्याच दिवशी फॉर्म पाहून ते मला म्हणाले होते, "सर, तुमच्या कागदावर दोनच जिल्हे कामून? नवा जिल्हा झाला म्हंजे आमी कुठं बसावं?" किनवटकडच्या इस्लापूरच्या एक ताई लगेच म्हणाल्या, "आधी किनवट व्हनार, अप्पा. तुमचा नंबर मागं." सगळे हसले होते.

तर अप्पा उठून म्हणाले, "येवढं काय लाजून राहिलाव? मी देतो एक बाई. समद्यांनी तीच घ्या. मावशी म्हना तिला."

"वय?" मॅडमनी विचारले.

"बावन्न," अप्पा म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत. "एकटी राहती. मालक जाऊन धा वर्सं झाली. लेक पुन्याला, फोन करतो पर येत न्हाई. झोप लागत न्हाई तिला. रिकामी घागर घेऊन दारात बसती."

"टँकरची वाट बघत?"

"टँकर येऊन गेल्यावरबी बसती."

मॅडम खूश झाल्या. बारा जोड्या झाल्या, बारा जणांनी मावशी व्हायचे ठरले. मी बाहेर ओसरीवर बसून हजेरीचा तक्ता करत होतो. दुपारची अडीचची वेळ. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रे नाही, फक्त ऊन. आणि माझ्या मागे, बंद दारापलीकडून बारा आवाज एकाच बाईशी बोलत होते. मावशी, असं कधीपासून वाटतं? मावशी, हा विचार खरा कशावरून? मावशी, इकडं बघा की. अधूनमधून असे व्हायचे की बाराही जोड्या एकाच वेळी गप्प व्हायच्या. कोणी ठरवून केल्यासारखे. तेव्हा मी पेन थांबवून बसायचो. पुन्हा एखादा आवाज "मावशी" म्हणायचा आणि माझा हात हलायचा.

त्या दिवशी डब्यात पंचवीस फॉर्म निघाले.

मी दोनदा मोजले. कोरे फॉर्म मी तीस नेत असे, त्यामुळे एखाद्याने दोन उचलले असतील हे उघड होते. पंचविसावा शोधायला वेळ लागला नाही. जिल्ह्याच्या चौकटीत नांदेड नव्हते, लातूर नव्हते. "नवा" असे लिहिले होते. गुणांची बेरीज तीसपैकी सव्वीस. खाली लिहिले होते, "माझ्याशी बोलले. बरं वाटलं. मावशी."

मला हसू आले. कोणीतरी गंमत केली होती. हजेरी चोवीस असताना पंचवीस अभिप्राय हिशेबात घेता येत नाहीत, म्हणून मी लाल पेनाने वर "रद्द" लिहिले आणि वेगळ्या फायलीत ठेवला. मॅडमना दाखवलाही नाही. रद्द झालेल्या कागदाबद्दल कोणी सांगत नसते.

तिसऱ्या महिन्यात नांदेडला पुन्हा पंचवीस. चौथ्या महिन्यात लातूरला पुन्हा पंचवीस. पाचव्यात नांदेडलाही तेच. मी प्रत्येक वेळी तो कागद काढून "रद्द" लिहीत गेलो. फॉर्म मोजूनच न्यावेत असे मनात येई, पण जास्तीचे दोन-चार असलेले बरे असतात, या सवयीने मी तीसच न्यायचो.

मावशी मात्र मोठी होत चालली. जेवताना, बसमध्ये, तिच्याविषयी बोलणे निघे. चौथ्या महिन्यात सरावात एका ताईने मावशी होऊन म्हटले, "मला जरा चहा द्या, मंग सांगते." पलीकडच्या जोडीतून अप्पा मान वळवून म्हणाले, "तिला चहा चालत न्हाई." इतके सहज म्हणाले की त्या ताईने "बरं" म्हणून पाणी मागितले. मनाने तयार केलेल्या बाईला चहा का चालू नये, हे त्या वेळी कोणीच विचारले नाही. मीही तिथेच होतो. लोकांच्या फॉर्मवरही ती येऊ लागली. "आज मावशी बोलल्या न्हाईत." "मावशींचं कसं व्हावं?" पाच-पाच गुणांच्या खाली अशा ओळी. मी ओळी मोजत नव्हतो, गुण मोजत होतो.

सहाव्या बैठकीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, रजा घेऊन मी घरी अंतिम अहवालाला बसलो. नांदेडला. सकाळचे साडेआठ वाजले होते. सगळ्या फायली सतरंजीवर पसरल्या होत्या. बायको शेजारी ज्वारी निवडत होती. रद्दची फाइल तिच्या बाजूला होती. तिने हात पुसून चार कागद उचलले आणि क्रमाने वाचले. मी ते कधी क्रमाने वाचले नव्हते.

"ही बाई कोण?" तिने विचारले.

"अशी कोणी बाई नाही. सरावासाठी काढलेली आहे."

"मग हे लिहिलं कोणी?"

मी कागद घेतले. पहिला सव्वीस गुणांचा, त्यावरची ओळ मी सांगितलीच. दुसऱ्यावर एकोणीस गुण आणि ओळ, "सगळे पुरावा मागतात. पुरावा माझ्याजवळ आहे." तिसऱ्यावर अकरा. "आज मी गप्प बसले. कोणाला काय करावं कळलं नाही." चौथा पाचव्या बैठकीतला, नांदेडचा. प्रत्येक प्रश्नाला एक. बेरीज सहा. त्याहून कमी त्या फॉर्मवर होऊच शकत नाही. खाली लिहिले होते, "मावशी पुढच्या महिन्यात येणार नाही."

सव्वीस, एकोणीस, अकरा, सहा. पावसाच्या नोंदीत असे चार आकडे एकाखाली एक आले असते तर मी त्याच दिवशी वर कळवले असते.

"हिला शोधा," बायको म्हणाली. ज्वारीचे सूप तिने बाजूला ठेवले होते.

"नाव लिहायचं नाही असा नियम आहे."

"नियम तुमचा आहे की तिचा?"

मी हजेरीपत्रक काढले. चोवीस सह्या. त्या चार कागदांवरच्या अक्षरांशी मी एकेक सही ताडून पाहिली. हे आपण करू नये हे मला कळत होते. मी तोंडाने चोवीस जणांना सांगितले होते की कोणी काय लिहिले ते कधी पाहिले जाणार नाही. तरी पाहिले. बाईने लिहिले आहे हे मी गृहीत धरले, म्हणून पंधरा सह्या उरल्या. "नवा" जिल्हा म्हणजे किनवट, कारण किनवटच्या जिल्ह्याबद्दल तळमळीने बोलणारी बाई एकच होती. इस्लापूरच्या ताई. अक्षरही मला तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी लातूरला बैठक होती, वेळ नव्हता. मी मॅडमना न कळवता साडेनऊची बस धरली.

हिमायतनगर सोडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्या दिवसांत बघण्यासारखे काही नव्हते. इस्लापूरला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. ताई अंगणात गोधडी शिवत होत्या. मला पाहून दचकल्या. सासूने पाट टाकला. मी फार वेळ न लावता चौथा कागद काढून त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी तो वाचला. मग माझ्याकडे पाहिले.

"सर, हे मी लिवलं असं वाटलं तुमाला?"

"अक्षर..."

"नाव लिवू नका म्हनलाव. डब्यात टाका म्हनलाव. आन् घरी बसून सह्या जुळवून राहिलाव?" त्यांचा आवाज चढला नाही, पण सासू दारात येऊन उभी राहिली. "मी असते, तर आज माझ्या सासूपुढं काय सांगितलं असतं तुमी?"

मी म्हटले, "चुकलो, ताई."

"ते तर हायेच." त्यांनी कागद पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा बदलला. "पन हे कोन हाय? उद्याच्यालाच बैठक हाय की."

"म्हणून तर आलो."

त्या थोडा वेळ दोरा दाताखाली धरून बसल्या. मग म्हणाल्या, "सर, तुमी बाई कामून शोधून राहिलाव? मावशीला हॉलमधी आनलं कोनी, ते बघा."

मी तिथूनच फोन केला. अप्पांनी दुसऱ्या घंटीला उचलला. मागे तराजूच्या पारड्याचा आवाज. "बोला सर!" तोच हसरा आवाज. मी विचारले, उद्या येणार ना? "येतो की. कामून न येनार? शेवटची पंगत सोडतो व्हय?" मी फोन ठेवला. मला बरे वाटायला हवे होते. मग मॅडमना फोन करून सगळे सांगितले, माझे सह्या ताडणेही सांगितले. त्या म्हणाल्या, "उद्या ते आले की आधी मी त्यांना एकटं भेटते. फोनवर काही बोलू नका. आणि हे कागद तुम्ही मला दुसऱ्या महिन्यातच द्यायला हवे होते."

दुसऱ्या दिवशी लातूरला अकरा वाजता मी हजेरी घेतली. तेवीस.

उदगीरच्याच बाजूच्या एका कार्यकर्त्याला विचारले, अप्पा कुठे? तो म्हणाला, "माझ्यासंगंच बसमधी होते की. स्टँडवर उतरलो. म्हनले, तू हो म्होरं, मी आलोच."

"किती वाजता?"

"साडेनऊला."

दीड तास. हॉलपासून स्टँड चालत दहा मिनिटांवर. मी मॅडमना सांगून निघालो. ऊन इतके होते की रस्ता पांढरा दिसत होता. पाण्याच्या टाकीखाली रिकाम्या घागरींची रांग लावलेली होती. माणसे सावलीला गेली असतील, रांगेत नुसत्या घागरी उभ्या होत्या, शंभरेक. मी मोजायला लागलो आणि थांबलो.

अप्पा स्टँडवर शेवटच्या फलाटावर बसले होते. कापडी पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. विभूती घामाने पुसट झालेली. समोर एकही बस नव्हती. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनी मान वळवली नाही.

"सर, किती झाले हजर?" त्यांनी विचारले.

"तेवीस."

"बराबर." मग पिशवीचा बंद सारखा करत, "चौकटीत नवा जिल्हा लिवला तवाच तुमी वळखाल असं वाटलं व्हतं."

"मी इस्लापूरला गेलो होतो काल."

ते हसले. खरेच हसले. "किनवटवाल्या बाईनं झाडलं असंल चांगलं."

"झाडलं."

हसू गेले. सहा महिने मी दाराबाहेर बसून ऐकत होतो, पण मला शिकवलेले कोणी नव्हते. मी विचारले, "अप्पा, मावशी कोण?"

"माझ्या दुकानाच्या बाजूला घर हाय तिचं," ते म्हणाले. "पहिली बैठक झाली ना नांदेडला, मी गावी गेलो, लई हुशारी आलेली. दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात गेलो, वही घिऊन. म्हनलं, मावशी, तुमाला कसला इचार येतो ते सांगा, आपन पुरावा बघू. ती म्हनली, माजा कोनाला उपेग न्हाई. म्हनलं, पुरावा काय? तिनं सांगितला. समदा सांगितला, सर, येक येक. लेक येत न्हाई, दारात कोन इचारत न्हाई, मी पडून राहिले तरी कोनाला कळनार न्हाई. मी लिवून घेतलं. मंग ती गप बसली. वहीत म्होरं काय इचारायचं ते मला आठवंना. म्हनलं, उद्या येतो."

खाली कोणीतरी टाकलेला कागदाचा कप वाऱ्याने फलाटभर फिरत होता.

"त्या उद्याला ती नव्हती. तिनं जीव दिला."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दुसऱ्या बैठकीपासून, म्हणजे चार महिने, त्या बंद दारामागे बारा माणसे जिच्याशी बोलत होती ती बाई सरावाच्या पहिल्या दिवसापासून नव्हतीच. आणि तेवीस जणांपैकी कोणालाही ते माहीत नव्हते.

"मला वाटलं," अप्पा म्हणाले, "येवढी मानसं हायेत, शिकलेली हायेत. मी तिला मधी बसवतो. कोनतरी तो सवाल इचारंल जो मी इचारला न्हाई. मला कळंल तरी. दर महिन्याला आयकत राहिलो. समदे माझ्यासारखंच इचारत होते. पुरावा काय, पुरावा काय. कोनी चुकलं न्हाई, सर. तसंच शिकवलं व्हतं."

"तुम्ही लिहून कळवत होता."

"हाव. मला वाटलं, कागद कोनीतरी वाचत असंल."

हे वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटले नव्हते. म्हणून ते मला अजून सहन होत नाही.

चौथ्या कागदावरची ओळ माझ्या खिशात होती. ती विचारायची कशी, हे मला ठाऊक नव्हते. गोल गोल विचारावे असे वाटले, मग वाटले की गोल गोल विचारण्यातच पाच महिने गेले. मी सरळ विचारले, "अप्पा, तुमच्याही मनात जीव द्यायचं आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदाच.

"हाव," ते म्हणाले.

मग ते गप्प झाले. मी पुरावा मागितला नाही, समजूत घातली नाही. मला दोन्ही येत नव्हते. मी तिथून उठलो नाही, एवढेच. माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटे गेली. मग ते म्हणाले, "हे कोनी इचारलंच न्हाई, सर. तिला मीबी इचारलं न्हाई."

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्यांना एकटं सोडू नका. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या विभागात घेऊन या, तिथल्या डॉक्टरांना मी आत्ता सांगते. मी निघाले." अप्पांना विचारले, येता का? ते म्हणाले, "पिशवीत दशम्या हायेत. जाता जाता खाऊ." आम्ही रिक्षा केली.

दवाखान्यात लांबलचक बाक होते. मॅडम आमच्या मागोमाग आल्या. त्या अप्पांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, मला माफ करा. पहिल्या दोन दिवसांत मी तुम्हाला बोलायला शिकवलं. समोरचा गप्प झाला तर काय करायचं ते शिकवलं नाही. आणि तुमचं कोणी गेलं तर तुम्ही कुठं जायचं, तेही नाही."

अप्पा मान हलवत राहिले. मग एकदम म्हणाले, "मॅडम, हॉलमधी आता काय चाललंय?"

"सराव लावून आले आहे. त्या इस्लापूरच्या ताईंना लक्ष ठेवायला सांगितलंय."

"जोड्या?"

"हो..." आणि मॅडम थांबल्या.

आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या क्षणी त्या बंद मंगल कार्यालयात माणसे समोरासमोर बसून मावशीला विचारत होती. मॅडमनी ताईंना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता. ताई बोलायच्या आधीच मागचे सगळे आवाज आले, एकात एक मिसळलेले. मावशी, सांगा की. मावशी, आमी हाव ना. मग अचानक कोणीच बोलेना, आणि त्या शांततेत पाइपातून हवा ओढल्याचा तो आवाज स्पष्ट आला.

"ताई, सराव बंद करा," मॅडम म्हणाल्या.

"बंद? कामून? इचारलं तर काय सांगू?"

मॅडमनी फोन हातात धरून अप्पांकडे पाहिले. अप्पांनी पिशवी खाली ठेवली.

"सांगा," ते म्हणाले. "मावशी खरी व्हती म्हनाव. आन् गेली म्हनाव. माझं नाव सांगितलं तरी चालंल."

फोनमधून ताईंचा आवाज आला. "अप्पा, तुमी हायेत न्हवं?"

"हाय," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावले. पाऊण तासाने ते बाहेर आले, हातात गोळ्यांची चिठ्ठी, उद्या पुन्हा यायचे. मॅडमनी निघतानाच कळवले होते, म्हणून उदगीरहून त्यांचा मुलगा तोपर्यंत पोचला होता. त्याला यातले काहीच माहीत नव्हते.

अंतिम अहवालात मी जुन्या सरासऱ्या काढून टाकल्या. मॅडमनी पुढच्या तुकडीचा पहिला दिवस पूर्ण बदलला. पुरावा विचारणे तिसऱ्या महिन्यात गेले. जीव देण्याचे विचारणे पहिल्या दिवशी आले, सरळ शब्दांत, प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेऊन. समोरचा गप्प असताना आपणही बसून राहायचे, याचा वेगळा सराव आला. दर बैठकीच्या पहिल्या तासाला कार्यकर्त्यांचे स्वतःचे ऐकायचे, असे ठरले.

अभिप्रायाचा नवा फॉर्म मी केला. छापण्याआधी तो अप्पांना दाखवावा असे मला वाटले. म्हणून पाऊस पडून गेल्यावर एक दिवस मी उदगीरमार्गे त्यांच्या गावी गेलो. ते दुकानात होते, बारीक झालेले, पण विभूती ठळक. मुलगा आता महिन्यातले पंधरा दिवस गावीच राहतो, म्हणाले. गोळ्या चालू होत्या. शेजारच्या घराला कुलूप होते. अंगण मात्र झाडलेले, सडा शिंपडलेला. मी त्याबद्दल विचारले नाही.

त्यांनी फॉर्म चष्मा लावून वाचला. मी त्यात नऊ प्रश्न घातले होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि एकेक प्रश्नावर आडवी रेघ मारत गेले. सात खोडले.

"येवढे कोन लिवतंय, सर? पाच पाच टाकून मोकळे होतील." उरलेल्या दोनांवर त्यांनी बोट ठेवले. गेल्या महिन्यात तुम्ही ज्यांच्याशी बोललात, ते आता कसे आहेत? आणि तुम्ही कसे आहात?

"गुनाला जागा ठिवू नका," ते म्हणाले. "आन् याच्यात येक घाला. हा कागद कोन वाचनार, ते वरतीच लिवा."

मी पेन्सिल मागून घेतली आणि फॉर्मच्या वर माझे नाव लिहिले.